करवीरचे दप्तर आणि खाडाखोड

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानच्या हुजूर कचेरीचे रुमाल सोडून बसले, की जुन्या कारकुनी विद्येचा पहिला दंडक लवकरच ध्यानात येतो. मोडी लिहिणारा कारकून कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. पत्र लांबले तर बंदाला बंद चिकटवून जोडावर पाठीमागून शिक्का उठवीत, आणि मजकूर जेथे संपला तेथे ‘मोर्तब सुद’ होऊन मर्यादेची मुद्रा पडे, ती अशासाठी की तिच्याखाली कोणा चतुर माणसाने आपल्या पदरची ओळ घालू नये. मोडीचा लौकिक वेगाचा असला तरी तिच्याभोवतीचा हा बंदोबस्त अविश्वासातून जन्मला होता, आणि पुढे प्रत्येक नव्या साधनाविषयी जी शंका निघाली, तिचे मूळ मला येथेच दिसते.

हा बंदोबस्त हुजूर दप्तराला लाभला. गावदप्तराचे भाग्य तसे नव्हते. तेथे लेखणी, लिपी आणि वतन ही तिन्ही कुलकर्ण्याच्या एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्यामुळे, आपल्या जमिनीपुढे काय लिहिले आहे हे रयतेला कुलकर्णी वाचून दाखवील तेवढेच कळे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्या कृतीचा विचार इतिहासकारांनी बहुधा ब्राह्मणेतर चळवळीच्या अंगाने केला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कचेरीच्या इतिहासातही ती तितकीच मोठी घटना होय, कारण दप्तर घराण्याचे नसून हुद्द्याचे आहे हे तत्त्व तिने गावोगाव नेऊन पोहोचवले.

टंकलेखन यंत्राची हकीकत थोडक्यात आटोपते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५५ मध्ये गोदरेजचे स्वदेशी यंत्र निघाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी टंकलेखकाला सरकारी कचेरीत मानाची जागा दिली. टंकाला हस्ताक्षर नसते, म्हणून दुरुस्तीपुढे सही करण्याची शिस्त आली, एवढाच त्याचा आपल्या विषयाशी संबंध.

या शिस्तीची खरी कसोटी लागली ती कोल्हापूरच्या शाहूपुरीत. महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या या गुळाच्या पेठेत सौदा झाला, की दिवाणजी रव्यांचे वजन आणि दर मांडून, आडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी लिही, आणि तीच रक्कम पुढे रोजकीर्दीतून खतावणीत उतरे. बेंगळुरूत श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला, पुढे ‘टॅली’ या नावाने प्रसिद्धीस आलेला संगणकावरील हिशेबाचा कार्यक्रम अशा पेढ्यांवर आला, तेव्हा एक नोंद करताच कीर्द, खतावणी आणि ताळेबंद एकदम तयार झालेले पाहून मालक हरखून जाणे स्वाभाविक होते. दिवाणजीने नाक मुरडले, त्यात हातची विद्या जाण्याचे दुःख असेलही. पण त्याचा आक्षेप पोकळ नव्हता. कीर्दीत चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून बाजूला खरा आकडा लिहावा व सही करावी, जुना आकडा वाचता आलाच पाहिजे, हा त्याचा धर्म. आणि येथे तर गेल्या महिन्यातील नोंद उघडून बदलली, की सारा ताळेबंद जणू काही घडलेच नाही अशा निर्विकारपणे पुन्हा जुळून येई. बदलांचा माग ठेवण्याची सोय कार्यक्रमात होती, पण ती चालू करणे वा न करणे मालकाच्या हाती होते. जी बेरीज कधीच चुकलेली दिसत नाही, तिच्याविषयी हिशेबनिसाला संशय यावा, यात मला तरी काही मागासलेपण वाटत नाही.

कायद्याला हे पटण्यास बराच काळ लागला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला; कोल्हापूरच्या उद्यमनगरातील जे कारखाने कंपनी म्हणून नोंदलेले आहेत, त्यांना तो बंधनकारक आहे. घरच्या मालकीच्या किंवा साध्या भागीदारीच्या पेढ्यांना मात्र तो लागू नाही, आणि तेथे हा माग ठेवायचा की नाही, हे अजूनही मालकाच्याच मर्जीवर आहे.