एसीएल म्हणजे काय? फाईलची जादा परवानगी प्रोग्रामला कशी दिसते?

मालेगावात ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात लिनक्सचा कॉम्प्युटर आहे. हिशेबाची फाईल फक्त मुनीमजींना उघडते. जीएसटीसाठी सीएकडच्या मुलाला ती नुसती वाचायला द्यायची होती.

लिनक्समध्ये परवानगीचे मूळ खाने तीनच: मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. या पोराला बसवायचं कुठे? ग्रुपला वाचू दिलं तर अख्खं ऑफिस वाचणार. इथे एसीएल कामी येते, म्हणजे फाईलला जोडलेली जादा यादी: अमुक युजरला इतकंच. 'सेटएफएसीएल' कमांडने मी त्याचं नाव टाकलं.

नंतर 'एलएस -एल' करून पाहिलं, तर परवानग्यांपुढे '+' आलेलं आणि ग्रुपच्या खान्यात चक्क 'आर', म्हणजे वाचायची मुभा! ग्रुपला मी काहीच दिलं नव्हतं. मला वाटलं चुकलं, म्हणून 'सीएचमॉड ६००' मारलं. झालं! २० तारखेला, ऐन रिटर्नच्या दिवशी, मुनीमजींचा फोन: पोराला फाईल उघडेना.

भानगड अशी की यादी जोडली की तो खाना ग्रुपचा राहत नाही. तिथे मास्क दिसतो, म्हणजे ग्रुपला आणि यादीतल्या नावांना मिळू शकणारी कमाल मुभा. मी तोच शून्य केला होता. 'गेटएफएसीएल'मध्ये पोराचं नाव शाबूत, पण शेजारी 'इफेक्टिव्ह: ---'. मास्क पुन्हा 'आर' केला आणि काम झालं.

प्रोग्रामही असेच फसतात. 'स्टॅट' हा सिस्टम कॉल जुने तीनच खाने सांगतो. एसीएल असते फाईलच्या एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, ती वेगळी मागावी लागते. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा फाईल सरळ उघडून बघावी. नाही म्हणायचं तर कर्नल म्हणेल. त्यात पोझिक्सचा एसीएलचा मसुदा मागे घेतला गेला, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे. तिथे प्रत्येक ॲप म्हणजे वेगळा युजर. शिवाय फाईलवर एसईलिनक्सचं लेबल असतं, तेही एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्येच. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ते सगळीकडे सक्तीने तपासलं जातं. म्हणजे तीन खाने 'हो' म्हणाले तरी लेबलचा नियम ॲपला अडवू शकतो.

आणि हो, साध्या 'सीपी'ने फाईल कॉपी केली तर एसीएल मागेच राहते. 'सीपी -ए' वापरा.