शब्दवेध : स्विच

बुलढाणा जिल्ह्यातल्या जलंब जंक्शनला खामगावचा फाटा मुंबई-नागपूर मार्गापासून वेगळा होतो. खामगावच्या कापूसबाजारासाठी तो १८७० मध्ये सुरू झाला. गाडी ज्या जोडावर रूळ बदलते, त्याला मराठीत 'सांधा' म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत 'संधि'. इंग्रजीत त्यालाच 'स्विच' हा शब्द आहे.

'स्विच' सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तो घोडेस्वाराची लवचीक छडी या अर्थाने. मूळ बहुधा फ्लेमिशमधल्या 'डहाळी' या अर्थाच्या शब्दात आहे. पुढे रुळाच्या सरकत्या तुकड्याला आणि मग विजेच्या बटणाला हेच नाव मिळाले.

संगणकांच्या जाळ्यात हा शब्द रुजला तो १९९० च्या सुमारास. आधी ईथरनेटच्या एकाच तारेवर सगळे संगणक बोलत. दोघे एकदम बोलले की संदेश आदळत. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या 'कल्पना' या कंपनीने सात पोर्टांचा 'ईथरस्विच' आणला. तो प्रत्येक संदेशावरचा ४८ बिटांचा पत्ता वाचून नेमक्या पोर्टातून संदेश पुढे धाडी. आज डेटा सेंटरमध्ये हे काम एकच चिप करते. ब्रॉडकॉमच्या 'टोमाहॉक ५'ची (२०२२) क्षमता सेकंदाला ५१.२ टेराबिट, म्हणजे ५१.२ लाख कोटी बिट आहे.

प्रतिशब्द घडवणाऱ्यांना एक विनंती : 'स्विच'साठी नवा जडजंबाल शब्द पाडू नका. 'सांधा' आपल्याकडे आहे आणि अर्थाला चोख बसतो.