कोलंबियाच्या घुमटावरचे निशाण

मार्च १९६२मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याच्या विधिमंडळाने एक छोटासा ठराव मंजूर केला. राजधानी कोलंबिया येथील विधानभवनाच्या घुमटावरील ध्वजस्तंभावर कॉन्फेडरेट ध्वज फडकवावा, एवढेच त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात हा ध्वज एप्रिल १९६१मध्येच, संघराज्य आणि त्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांची कॉन्फेडरसी यांच्यातील यादवी युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने वर चढला होता. ठरावाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शताब्दी संपल्यावर तो कधी उतरवायचा, याची मुदत मात्र ठरावात घातलेली नव्हती. तो उतरला २०००मध्ये, आणि तेव्हाही विधानभवनाच्या आवारातून गेला नाही.

या निशाणाच्या अर्थावरून तिथे कित्येक वर्षे भांडण चालले आहे. हा आमच्या पूर्वजांच्या शौर्याचा वारसा आहे, त्यात कोणाचा द्वेष नाही, असे एक बाजू म्हणते. हे आमच्या पूर्वजांना विकणाऱ्यांचे निशाण आहे, असे दुसरी बाजू म्हणते. आज कोणाच्या मनात काय आहे, यावर हा वाद कधीच मिटणार नाही. पण निशाण कोणी तयार केले, कोणत्या राज्यसत्तेसाठी, आणि नंतर पुन्हा पुन्हा कोणत्या प्रसंगी ते वर चढवले गेले, याचे कागद शिल्लक आहेत. ते तारीखवार लावून वाचले, तर अर्थाचा प्रश्न बराचसा सुटतो.

पहिला कागद २४ डिसेंबर १८६०चा आहे. चारच दिवसांपूर्वी साउथ कॅरोलिनाने अमेरिकी संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय घेतला होता, आणि असे करणारे ते पहिले राज्य होते. आपण का फुटलो, हे जगाला सांगण्यासाठी त्याच्या परिषदेने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मुख्य तक्रार अशी, की उत्तरेकडील राज्ये पळून गेलेले गुलाम परत करत नाहीत. पुढे गुलामगिरीशी वैर असलेला माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्याची तक्रार येते. हा माणूस म्हणजे अब्राहम लिंकन. ‘युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, राज्यांच्या हक्कांसाठी होते,’ असे आजही सांगितले जाते. या दाव्याची कसोटी याच कागदात आहे. न्यूयॉर्कची न्यायालये आपल्या हद्दीतून गुलाम घेऊन जाण्याची परवानगीही देत नाहीत, याबद्दल जाहीरनामा न्यूयॉर्कला दोष देतो. म्हणजे न्यूयॉर्क राज्याने आपला हक्क बजावला, हाच साउथ कॅरोलिनाच्या लेखी गुन्हा होता. मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास यांनी नंतर काढलेले जाहीरनामेही आडपडदा ठेवत नाहीत. आपले स्थान गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे, असे मिसिसिपीने सुरुवातीलाच लिहून ठेवले.

या जाहीरनाम्याशेजारी त्याच वर्षाची जनगणना ठेवली की त्यातली निकड कळते. १८६०मध्ये साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या ७,०३,७०८ होती, आणि त्यातले ४,०२,४०६ लोक गुलाम होते. निम्म्याहून अधिक माणसे उरलेल्यांपैकी काहींची मालमत्ता होती. म्हणून ‘साउथ कॅरोलिनाच्या जनतेने ठरवले’ असे लिहिताना इतिहासकाराने थांबले पाहिजे. बहुसंख्य जनतेला कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा कागद ११ मार्च १८६१चा आहे, तो म्हणजे नव्या कॉन्फेडरसीची राज्यघटना. तिचा बराचसा भाग जुन्या अमेरिकी घटनेवरून उतरवलेला आहे, म्हणूनच बदललेली कलमे डोळ्यांत भरतात. कृष्णवर्णीय गुलामांवरील मालकी हक्क नाकारणारा किंवा कमी करणारा कोणताही कायदा करता येणार नाही, असे एक कलम तिथे घातले आहे. दहा दिवसांनी, २१ मार्चला, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी जॉर्जियातील सव्हाना येथे भाषण केले. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, दास्य हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे आणि या ‘सत्या’वरच आपल्या राज्याची कोनशिला बसवली आहे, असे त्यांनी सांगितले. युद्ध हरल्यावर, १८६८पासून, याच स्टीफन्स यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहून युद्ध घटनेच्या तत्त्वांसाठी झाल्याचे मांडले. एकाच माणसाच्या दोन साक्षी परस्परविरुद्ध असतील, तर पराभवाआधीची, आपल्याच लोकांपुढे मोकळेपणाने दिलेली साक्ष अधिक वजनाची धरावी लागते.

आता निशाणाकडे येऊ. आज ओळखले जाते ते लाल कापड, त्यावर निळी फुली आणि फुलीत पांढरे तारे, हा कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज नव्हे. पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या ध्वजासारखाच दिसत होता, इतका की जुलै १८६१मध्ये मनॅससच्या लढाईत धुरातून आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे कठीण झाले. तेव्हा जनरल बोरेगार्ड आणि चार्ल्सटनचे प्रतिनिधी विल्यम पोर्चर माइल्स यांच्या खटपटीने फुलीचा रणध्वज तयार झाला. माइल्स ध्वज समितीचे प्रमुख होते. २७ ऑगस्ट १८६१च्या पत्रात त्यांनी फुली तिरपी का घेतली, हे बोरेगार्ड यांना समजावले आहे: उभा क्रूस धार्मिक वाटतो, त्यावर हरकती आल्या होत्या. या पत्रात रचनेची चर्चा आहे, वंशाची नाही. वारशाची बाजू मांडणाऱ्यांना ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. पण रणध्वजाचा अर्थ नुसत्या आकृतीत राहत नाही. तो ज्या सैन्यापुढे चालतो ते सैन्य एका राज्यसत्तेचे असते, आणि त्या सत्तेने आपले प्रयोजन घटनेतच लिहून ठेवले होते.

१ मे १८६३ रोजी हाच रणध्वज राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात आला, उरलेले कापड शुभ्र. त्याच्या आठवडाभर आधी सव्हानातील एका वृत्तपत्राचे संपादक विल्यम टॅपन थॉम्पसन यांनी अशाच ध्वजाची मागणी करताना लिहिले होते, की आपण गोऱ्यांच्या ईश्वरदत्त श्रेष्ठत्वासाठी लढत आहोत, म्हणून पांढरे कापड त्याला साजेसे प्रतीक ठरेल. हे एका संपादकाचे मत आहे, कायद्याचा मजकूर नव्हे, आणि ते तेवढ्याच मोलाने वाचले पाहिजे. पण त्या काळी हा अर्थ लावणारे लोक कॉन्फेडरसीचे शत्रू नव्हते, तिचेच पाठीराखे होते, एवढे त्यातून निश्चित होते.

दूरवरच्या वाचकालाही युद्धाचा अर्थ स्पष्ट दिसत होता. १८७३मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा आणि त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती. ते कशासाठी झाले, याबद्दल जोतीरावांच्या मनात संदिग्धता नव्हती.

त्या १८७३ साली कोलंबियातील विधानभवनात काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय सदस्यांचे बहुमत होते. १८६८च्या घटनेने वर्णभेद न करता पुरुषांना मत दिले होते आणि सर्वांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली होती. ती घटना करणाऱ्यांत रॉबर्ट स्मॉल्स होते. गुलामगिरीत जन्मलेल्या स्मॉल्स यांनी मे १८६२मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातून कॉन्फेडरेट सैन्याचे ‘प्लँटर’ हे जहाज पळवून, आपल्या कुटुंबासह ते उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केले होते. पण १८७६च्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या सशस्त्र टोळ्यांनी दहशत माजवली, कॉन्फेडरेट सैन्याचे माजी जनरल वेड हॅम्प्टन गव्हर्नर झाले, आणि एप्रिल १८७७मध्ये केंद्राचे सैनिक विधानभवनातून निघून गेले. १८९५च्या घटना परिषदेत मोजके सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरले होते, स्मॉल्स त्यांपैकी एक. मतदाराला घटनेचे कलम वाचून लिहिता आले पाहिजे, नाहीतर ३०० डॉलरची करपात्र मालमत्ता हवी, अशा अटी तिथे घालण्यात आल्या. अटींमध्ये वर्णाचा उल्लेख नाही. परीक्षा घेणारे गोरे अधिकारी असल्यामुळे तो करण्याची गरजही नव्हती. स्मॉल्स यांनी त्या घटनेवर सही केली नाही. १८९५च्या कागदावर नसलेली ती सही मला या साऱ्या दप्तरातील सर्वांत बोलकी साक्ष वाटते.

या काळात निशाण बहुतेक माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, थडग्यांवर आणि स्मारकदिनी दिसे. त्यामागचा शोक खरा होता, आणि आपला मृत मुलगा आठवणाऱ्या आईला राजकारणाचा जाब विचारू नये. पण १९४८पासून हे निशाण स्मशानातून राजकीय सभांमध्ये आले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्कांच्या धोरणाविरुद्ध दक्षिणेतल्या नेत्यांनी वेगळा पक्ष काढला, आणि साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड त्याचे उमेदवार झाले. त्यांच्या सभांत हे निशाण फडकत होते. थर्मंड यांना चार राज्ये मिळाली. त्यांच्या मागणीच्या केंद्रस्थानी एकच गोष्ट होती: गोऱ्या-काळ्यांची विभागणी टिकवणे.

त्या विभागणीचा हिशोब क्लॅरेंडन परगण्याच्या कागदांत सापडतो. तिथे १९४९-५०मध्ये गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत होता. गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या बसगाड्या होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. पालकांनी सुरुवातीला फक्त एक बस मागितली होती. त्यातून ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ हा खटला उभा राहिला. हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली, पालकांना एकत्र आणणाऱ्या रेव्हरंड डिलेन यांचे घर जळाले. १९५१मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी निकाल पालकांविरुद्ध दिला. तिसरे, जे. वेटीज वेअरिंग, यांनी विभागणी म्हणजेच विषमता, असे वेगळ्या निकालपत्रात लिहिले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात हीच भूमिका उचलली. ब्रिग्ज हा त्यात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी एक होता.

यानंतरच्या तारखा एकमेकींशेजारी ठेवाव्यात. १९५६मध्ये साउथ कॅरोलिनाने नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संस्थेच्या सदस्यांना सरकारी नोकऱ्या बंद करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी वरिष्ठ सभागृहात कॉन्फेडरेट ध्वज लावला. त्याच वर्षी शेजारच्या जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजातच रणध्वज घातला. २ मार्च १९६१ रोजी कोलंबियात १८७ कृष्णवर्णीय विद्यार्थी शांतपणे विधानभवनापर्यंत चालत गेले, तर त्यांना अटक आणि शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा १९६३मध्ये रद्द केली. अटकेनंतर महिना-सव्वा महिन्यात घुमटावर निशाण चढले. त्याच एप्रिलमध्ये चार्ल्सटनला शताब्दीच्या राष्ट्रीय बैठकीसाठी न्यूजर्सीहून आलेल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधीला तिथल्या हॉटेलने खोली नाकारली, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना बैठक नौदलाच्या तळावर हलवावी लागली. १९६२च्या ठरावाचा हेतू शोधायचा असेल, तर तो या शेजारच्या कागदांत वाचावा लागतो. शताब्दीचे निमित्त खरे होते. पण शताब्दी १९६५मध्ये संपली आणि निशाण राहिले, हेही तितकेच खरे आहे.

ते उतरवण्यासाठी जानेवारी २०००मध्ये मार्टिन ल्यूथर किंग दिनी हजारो लोक कोलंबियात जमले. तडजोड म्हणून विधिमंडळाने वारसा कायदा केला: घुमटावरचे निशाण उतरवायचे, पण आवारातील सैनिक स्मारकाजवळ उभारायचे, आणि त्यात बदल करायला दोन-तृतीयांश मते लागतील. १७ जून २०१५ रोजी एका गोऱ्या तरुणाने चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. त्यात राज्याचे सिनेटर आणि धर्मगुरू क्लेमेंटा पिंक्नी होते. खुन्याची हे निशाण हाती घेतलेली छायाचित्रे उघड झाली. घुमटावरचे दोन ध्वज अर्ध्यावर आले, स्मारकाजवळचे निशाण मात्र पूर्ण उंचीवर राहिले. ते हटवण्याच्या बाजूने स्ट्रॉम थर्मंड यांचे पुत्र, सिनेटर पॉल थर्मंड, सभागृहात बोलले. वरिष्ठ सभागृहात ३६ विरुद्ध ३ आणि कनिष्ठ सभागृहात ९४ विरुद्ध २० मतांनी विधेयक मंजूर झाले, आणि १० जुलैला निशाण उतरले.

या सगळ्यावरून मी काढतो तो निष्कर्ष असा. सैनिकांच्या थडग्यांवर हे निशाण शोकाचे असू शकते. पण युद्धानंतर सत्तेने जेव्हा जेव्हा ते वर चढवले, तेव्हा कृष्णवर्णीय नागरिक हक्क मागत होते आणि ते निशाण त्यांना दिलेले उत्तर होते. ही विषमतेची नोंदच निशाणाचा अर्थ ठरवते, म्हणून निशाण उतरवल्याने ती नोंद बंद होत नाही. १९९३मध्ये गरीब ग्रामीण जिल्ह्यांनी शाळांच्या निधीसाठी राज्यावर दावा केला. त्यांतील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. साक्षीपुरावे झाले ते त्याच क्लॅरेंडन परगण्यात. राज्य आपले कर्तव्य पार पाडत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी दिला, आणि २०१७मध्ये त्याच न्यायालयाने खटल्यावरील आपली देखरेख संपवली. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या २०२२च्या पाहणीत देशातील गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. निशाण उतरवायला दोन सभागृहांची मते पुरली. शाळेचा निधी, मताचा हक्क आणि घरादाराची मालकी यांतली तफावत भरून काढायला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात रक्कम घालावी लागेल, आणि तिथे किती हात वर होतात, त्यावरच २०१५च्या मतदानाचे खरे मोल ठरेल.