उद्योग उबवणी केंद्रे, विद्यापीठीय

नवोदित उद्योगसंस्थेला ती स्वावलंबी होईपर्यंत जागा, प्रयोगशाळा, सल्ला व प्रारंभिक भांडवल पुरविणारी, विद्यापीठाशी संलग्न असलेली यंत्रणा. तिला सामान्यतः ‘इन्क्युबेटर’ म्हणतात.

या यंत्रणेचा उगम बेकारी-निवारणाच्या प्रयत्नांत झाला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया येथील शेती-अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला. त्या प्रचंड इमारतीस एकच भाडेकरू मिळेना, तेव्हा जोसेफ मान्कुसो यांनी १९५९ मध्ये तिचे भाग पाडून ते लहान उद्योगांना दिले व त्यांना कचेरीच्या सामायिक सेवाही पुरविल्या. भाडेकरूंपैकी एक कंपनी कुक्कुटव्यवसायातील होती. तीवरून ‘इन्क्युबेटर’ हे नाव पडले, असे सांगतात. पुढे १९८० मध्ये ट्रॉय येथील रेन्ससेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने असे केंद्र काढले. त्याच वर्षीच्या बे-डोल कायद्याने, संघीय अनुदानातून लागलेल्या शोधांचे स्वामित्व विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले.

संशोधनाचा निष्कर्ष आणि विक्रीयोग्य वस्तू यांत मोठे अंतर असते. संशोधन-अनुदान निष्कर्षापाशी संपते आणि बँक कर्जासाठी तारण मागते. या मधल्या काळात केंद्र महागडी उपकरणे वापरू देते, एकस्व, हिशेब व कंपनी-कायदा यांविषयी मार्गदर्शन करते आणि गुंतवणूकदारांशी गाठ घालून देते. मोबदल्यात ते बहुधा अल्प भाडे व भागभांडवलाचा लहानसा हिस्सा घेते.

भारतात शासनाने १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापिले. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत २००४ मध्ये ‘साइन’ हे केंद्र स्थापन झाले. तेथे वाढलेली, ड्रोन बनविणारी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी २००७ मध्ये निघाली. तिच्या भागांची शेअरबाजारात नोंदणी २०२३ मध्ये झाली. तंत्रज्ञानप्रधान उद्योगास किती दीर्घ काळ धीर धरावा लागतो, हे यावरून दिसते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शैक्षणिक संस्थांतील मान्यताप्राप्त केंद्रांना दिलेला निधी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा खर्च मानला गेला.

या केंद्रांच्या यशाचे मोजमाप मात्र अवघड आहे. प्रवेश निवडक उद्योगांनाच मिळत असल्याने, त्यांतील काही आश्रयावाचूनही टिकले असते, असा आक्षेप घेता येतो. शिवाय अध्यापकाचा वेळ, विद्यार्थ्याचे श्रम व जनतेच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान खासगी नफ्यासाठी कितपत वापरावे, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाला आधीच ठरवावे लागतात. ते संदिग्ध राहिल्यास अध्यापन व संशोधन या मूळ कार्यांचीच हानी होण्याचा संभव असतो.