कोकणी माजघर आणि निजण्याची खोली

प्रशस्त शयनगृहात पलंग कुठे आणि कपाट कुठे, हा प्रश्न मालवण-वेंगुर्ल्याच्या जुन्या घराला सहसा पडत नसे. खळे, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर अशी तिथली रचना. केवळ निजण्यासाठी राखलेली खोली बहुधा नसे. दिवसा जिथे पंगत बसे, तिथेच रात्री चटया-गोधड्या पसरत आणि पहाटे वळकट्या होऊन कोपऱ्यात जात. कोनाडे आणि फडताळे भिंतीतच. सावंतवाडीच्या लाखकामाचे पाट-चौरंगही उचलून ठेवण्याजोगे. प्रशस्तपणा होता तो या मोकळ्या जमिनीचा.

मात्र हे चित्र निव्वळ रम्य मानणे आम्हांस रास्त वाटत नाही. पुरुष ओटी-पडवीवर निजत, बायका-मुले माजघरात. सुनेचे स्वतःचे म्हणावे असे सामान पुष्कळदा एका पेटीत मावे, आणि एकान्त तर नसेच.

१८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढच्या पिढ्यांत कोकणातले असंख्य चाकरमानी गिरण्यांत गेले. त्यांच्या मनिऑर्डरींबरोबर शहरी घराची कल्पनाही हळूहळू गावी पोचली. पलंगाने माजघराची लवचीकता हिरावली, हे खरे; परंतु त्याच्यासोबत आतून कडी लावता येणारे दारही आले. घराचा इतिहास लिहिताना त्या कडीची नोंद पलंगाच्या आधी व्हावी, असे आम्हांस वाटते.