वस्तरा कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक मैत्रीण तोंडावरचा पदर काही सोडेना. शेवटी कळलं, हनुवटीवरचे केस काढताना नवऱ्याच्या जुन्या ब्लेडनं कापलं होतं आणि जखम पिकली होती. एवढ्या बायका एकत्र बसतो, पण हा विषय कधी कुणी काढलाच नव्हता. म्हणून आज वस्तऱ्याची गोष्ट.

आपल्या गावगाड्यात वस्तरा न्हाव्याच्या धोकटीत असायचा. बाळाचं जावळ, पुरुषांची दाढी, त्याबदल्यात खळ्यावर धान्याचं बलुतं. बाईच्या वाट्याला मात्र वस्तरा यायचा तो शिक्षा म्हणून. ब्राह्मण घरांत आणि त्यांचं पाहून काही इतर जातींत नवरा मेला की बायकोचे केस उतरवायचे. त्या वयात मुलगी दहा-बारा वर्षांचीही असायची. पुढं आयुष्यभर लाल आलवण आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा वस्तरा. तिला कुणी विचारत नव्हतं.

हे थांबवायला १८९० साली मुंबईत न्हावी पुढं आले. सभा घेऊन त्यांनी ठरवलं, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. रविवारची सुट्टी कामगारांना त्यांच्याच लढ्यामुळं मिळाली, तीही त्याच वर्षी. आम्हाला यात सगळ्यात मोठी वाटते ती न्हाव्यांची गोष्ट. ते श्रीमंत नव्हते. काम नाकारलं की मिळकत बुडत होती, तरी ते नाही म्हणाले. चाल काही लगेच बंद पडली नाही, विसाव्या शतकातही कितीतरी बायकांचे केस उतरवले गेले.

तोवर लांब पात्याचा वस्तरा चामड्यावर घासून धार लावावी लागे, त्यामुळं तो सवयीच्या हातातच बरा. अमेरिकेत किंग जिलेट यांनी १९०३ साली पातं बदलता येणारा रेझर विकायला काढला आणि दाढी घरच्या घरी होऊ लागली. बायकांसाठी वेगळा रेझर १९१५ साली आला. आता तो आपल्या बाजारातही मिळतो, पण आपण तो लपवून, घाईत, दुसऱ्याचा वापरतो.

“एकदा केस काढले की दाट येतात,” असं आजी सांगायची. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे तपासून पाहिलं. केस दाटही येत नाहीत, लवकरही वाढत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

तेव्हा रेझर स्वतःचा ठेवा, नवऱ्याचा नको आणि जावेचाही नको. रक्तातून कावीळ ‘ब’ पसरते, आणि पात्यावरचं रक्त डोळ्याला दिसेलच असं नाही. आधी कोमट पाण्यानं तोंड धुवा, साबणाचा फेस किंवा कोरफडीचा गर लावा. एका हातानं कातडी ताणून धरा आणि केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूला हलक्या हातानं ओढा, दाबू नका. पुटकुळी किंवा जखम असेल तिथं फिरवू नका. नंतर गार पाणी, आणि रेझर कोरडा करून ठेवा. पातं बोथट झालं की बदला. जुनं पातं उकिरड्यावर टाकू नका, लेकरांच्या पायात जातं, जनावरांच्या तोंडात जातं. झाकणाच्या डब्यात साठवा.

पण हनुवटीवर अचानक राठ केस यायला लागले आणि पाळीही पुढं-मागं होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ते अंगातल्या संप्रेरकांचं बिघडणं असू शकतं, त्याला औषध आहे.

त्या मैत्रिणीची जखम आता भरली. बाजाराच्या दिवशी तिनं स्वतःसाठी नवा रेझर घेतला. दुकानदारानं विचारलं, “मालकासाठी का?” ती म्हणाली, “नाही, माझ्यासाठी.”