बोरघाटाचा इतिहास आणि साधननिर्देशाचे शिक्षण

कर्जत सोडल्यावर पळसदरी स्थानक लागते. तेथून लोहमार्गाचा एक फाटा खोपोलीकडे जातो व मुख्य मार्ग बोरघाट चढू लागतो. खोपोलीचा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला. घाटातील मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. ह्या कामाविषयी दोन प्रकारची माहिती मिळते, आणि विद्यार्थ्यांना साधननिर्देश शिकविण्यास ती फार उपयुक्त आहे.

पहिली माहिती लिखित आहे. मुख्य अभियंते जेम्स बर्कली ह्यांनी १८६० मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेस आपल्या कामाविषयी निबंध सादर केला. १८५९ मध्ये मूळ कंत्राटदार फॅव्हिएल ह्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले व कंत्राट त्यांची पत्नी ॲलिस हिने पुढे चालविले. ही विधाने कागदांवरून पडताळता येतात.

दुसरी माहिती श्रुत आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने घाटाची वाट साहेबास दाखविली व पुढे साहेबानेच त्यास गोळी घातली, असे परंपरा सांगते. खोपोलीच्या वर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे. परंतु ही वाट कोणती? कोणी लोहमार्गाची म्हणतात, कोणी सडकेची. घाटातील सडक १८३० मध्ये खुली झाली. तेव्हा ह्या दोन कथनांत एका पिढीचे अंतर पडते.

विद्यार्थी मात्र पुष्कळदा बर्कली व शिंगरोबा ह्या दोघांस एकाच वाक्यात आणून 'हा इतिहास होय' असे लिहितो. त्यामुळे कागदाचे प्रामाण्य कथेस आपोआप चिकटते, आणि कथा सांगणाऱ्याचा निर्देश राहून जातो. उलट, कागद नाही म्हणून ती कथा गाळणे हेही अशास्त्रीय होय. घाटवाटा धनगर-ठाकरांच्या पायांखालच्या. त्यांचे ज्ञान कंपनीच्या दप्तरात नोंदले जाईलच, असे गृहीत धरता येत नाही.

वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा मूळ पत्रेच वाचकांपुढे ठेविली. त्यामुळे संपादकाचे मत न पटणाऱ्यासही त्याच आधारावरून वेगळा निष्कर्ष काढता येतो. हीच शिस्त मौखिक साधनांस लावली पाहिजे. कथा कोणी सांगितली, कोणत्या गावी, कोणत्या साली, आणि त्याने ती कोणाकडून ऐकली, हे चार तपशील विद्यार्थ्याने टिपणातच नोंदवावेत. सांगणाऱ्याचे नाव देण्यास त्याची संमती घ्यावी. पाठभेद आढळल्यास ते एकत्र न मिसळता वेगळे ठेवावेत.

साधननिर्देश हा केवळ परीक्षकासाठी पाळावयाचा उपचार नव्हे. ज्याच्याकडून ज्ञान घेतले त्याचे ऋण त्यात मान्य होते आणि पुढील संशोधकास ते तपासण्याची वाट मोकळी राहते. शिंगरोबाने वाट दाखविली की नाही, हे आज कागदावरून ठरविता येत नसेल. पण ती कथा आपणांस कोणी सांगितली, हे न लिहिण्यास मात्र कोणतेही कारण नाही.